हलकेरावांचा हात

हलकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि बिचारं तिथेच पडून राहिलं. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत सगळे त्यांना हलकेरावच म्हणत, कारण त्यांचा हात हलका होता. एवढा हलका, की त्यांनी औषध टोचलं तरी उंदराला पत्ता लागत नसे. ही गोष्ट साहेब सांगत, शिपाई सांगत, आणि दोघांनाही उसंत नसली तर हलकेराव स्वतः सांगत.

आता उंदरांना टोचायचं कशाला, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्या गरीब माणसाविषयी भलतंच काहीतरी मनात आणाल. माणसाच्या नसा फोटोत नीट दिसाव्यात म्हणून डॉक्टर नसेत एक औषध सोडतात. त्याला सगळे डायच म्हणतात. काही डाय असे झोंबतात की आत जाताना पायात निखारा फिरल्यासारखं वाटतं. तेव्हा नवा डाय माणसापर्यंत जायच्या आधी तो किती झोंबतो, ते उंदराला विचारावं लागतं. उंदीर तोंडाने सांगत नाही, पण पायाने सांगतो. त्याच्या मागच्या पायाच्या नसेत आदल्या दिवशी भूल देऊन केसाएवढी बारीक नळी बसवलेली असते. दुसऱ्या दिवशी तो चांगला जागा, खाऊनपिऊन तयार असला की त्या नळीतून डाय सोडायचा आणि काचेपलीकडे बसलेल्या माणसाने गुण द्यायचे. काहीच झालं नाही तर शून्य, बोटं आखडली तर एक, पाय ओढला तर दोन, सगळं अंग चोरलं तर तीन आणि ओरडला तर चार. सगळ्या जगात जास्त गुणांना पास म्हणतात, इथे उलटं.

तळमजल्यावर अशा दोन खोल्या होत्या, शेजारी शेजारी. पलीकडच्या खोलीत दोघं काम करत आणि त्यांचे उंदीर तीन आणि चार गुण मिळवत. अलीकडच्या खोलीत हलकेराव, आणि त्यांचे उंदीर शून्य नाहीतर एक. डाय तोच, नळी तीच, उंदीरही एकाच पिंजऱ्यातले भाऊ भाऊ. मग फरक कशाचा? हाताचा. दुसरं काय असणार?

हलकेरावांची कामाची एक रीत होती. आधी ते कोठीतून डायची बाटली आणत. कोठी थंडगार. सिरिंज भरून घेत. मग उंदराच्या पिंजऱ्यापुढे उभं राहून त्याच्याशी बोलत. "काय रे बाळा, जेवलास का? आज काही नाही, एवढंसं काम आहे. शेजारचा तुला त्रास देतो का? मी बोलतो त्याच्याशी." असं दोन-तीन मिनिटं चाले. उंदीर मिशा हलवत ऐकून घेई. मग हलकेराव हळूच सिरिंज नळीला लावत आणि अंगठा असा टेकवत, की टेकवला की नाही हे बघणाऱ्याला कळू नये. उंदीर जागचा हलत नसे. साहेब पाहुण्यांना घेऊन येत आणि काचेपलीकडून दाखवत. पाहुणे म्हणत, वा.

एखाद्याला एकतीस वर्षं कुणी वा म्हणत राहिलं की त्याचं काय होतं, ते हलकेरावांच्या बायकोला विचारा. उजव्या हाताने ते बादली उचलत नसत. उजव्या हाताने खिळा ठोकत नसत. घरात भांडी घासायची वेळ आली की तो हात विज्ञानाच्या मालकीचा होई आणि भांडी बायकोच्या मालकीची. ती म्हणे, "तुमच्या हाताचा फोटो काढून भिंतीवर लावा, म्हणजे तुम्ही तरी मोकळे व्हाल." हलकेराव हसत. त्यांना ते चेष्टेतसुद्धा गोड लागे.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि गोष्ट सुरू झाली. त्या वर्षी एक नवा डाय आला होता, आणि त्याचं सगळं काम साहेबांनी हलकेरावांकडेच दिलं होतं. निकाल असा, की डोळे दिपावेत. शून्य, शून्य, एक, शून्य. झोंबतच नाही असा डाय. साहेबांनी जाडजूड फाइल तयार केली. ती महिन्याअखेरीस वर जाणार आणि ती मंजूर झाली की डाय माणसांना देऊन बघायला सुरुवात होणार. साहेब तरंगत होते. राहता राहिली एक काळजी, की हलकेराव गेल्यावर हा हात कुठून आणायचा? म्हणून त्यांनी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतून एका बाईंना आणलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं मोजकं, डोक्यावर चष्मा आणि खिशात वही. सगळे त्यांना नव्या बाई म्हणू लागले. हलकेरावांनी त्यांना सगळं शिकवायचं, असा हुकूम झाला.

हलकेरावांनी अगदी मन लावून शिकवलं. अंगठा कसा टेकवायचा, श्वास कधी धरायचा, कोपर कुठे ठेवायचं. नव्या बाईंनी सगळं वहीत उतरून घेतलं. पहिलाच उंदीर ओरडला. चार. दुसरा ओरडला. चार. तिसऱ्याने अंग चोरलं, तेव्हा साहेब म्हणाले, चला, प्रगती आहे. पण आठवडा झाला तरी प्रगती तिथेच मुक्काम ठोकून बसली.

साहेबांनी पुष्कळ विचार केला आणि त्यांना उलगडा झाला. बोलणं! हलकेराव उंदरांशी बोलतात, म्हणून उंदीर शांत राहतात. नव्या बाई मुक्याने टोचतात. झालं, हलकेरावांचं बोलणं कागदावर उतरवलं गेलं आणि नव्या बाईंच्या हातात दिलं गेलं. त्या गंभीर बाई पिंजऱ्यापुढे उभं राहून सरकारी पत्र वाचावं तशा वाचू लागल्या, "काय रे बाळा. जेवलास का. शेजारचा तुला त्रास देतो का. मी बोलते त्याच्याशी." उंदराने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या मिनिटाला चार गुण मिळवले. काचेपलीकडे गुण देणाऱ्याला हसू आवरेना. हलकेराव मात्र हसले नाहीत. ते मोठ्या मनाने म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. काही गोष्टी शिकवून येत नाहीत." हे वाक्य त्यांनी घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं.

माणूस चढला की पडतो, आणि हलकेराव तर खरोखरीच पडले. नुकत्याच पुसलेल्या बोळात पाय घसरला आणि डाव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड तडकलं. दवाखान्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा हा उंदरांचा धन्वंतरी भिंतीकडे सरकला आणि तिला म्हणाला, "ताई, हात हलका आहे ना?" तिने काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डावा हात पट्ट्याने छातीशी घट्ट बांधून डॉक्टरांनी सहा आठवडे हलवायचा नाही असं बजावलं.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. पण हलकेराव चौथ्या दिवशी कामावर हजर. उजवा हात शाबूत आहे ना, मग झालं. पिंजरा उघडायला आणि सिरिंज भरून द्यायला नव्या बाई होत्याच. त्यांनी भरलेली सिरिंज उजव्या हातात दिली, हलकेरावांनी उंदराची ख्यालीखुशाली विचारली, अंगठा नेहमीसारखा फुलासारखा टेकवला, आणि उंदीर किंचाळला.

चार. काचेपलीकडच्याने चुकून लिहिलं असेल म्हणून हलकेरावांनी मान लांब करून पाहिलं. चारच होते. दुसरा उंदीर तीन. तिसरा पुन्हा चार. संध्याकाळपर्यंत नऊ उंदरांनी बत्तीस गुण मिळवले आणि हलकेरावांचा चेहरा उंदरासारखाच पांढरा पडला. साहेब म्हणाले, दुखण्यामुळे असेल, थोडी विश्रांती घ्या. नव्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. घरी येऊन हलकेराव खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले, "हात गेला गं." ती स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं दुसराही मोडला.

नंतरचे आठ दिवस घरात सुतकी कळा होती. हात शेकून झाला, तेलाने चोळून झाला, सकाळी उठून बोटं मोजूनही झाली. बायको म्हणाली, एवढा कशाला जिवाला घोर, उंदीर आहेत ते, त्यांचा मूड नसेल. पण दिवसेंदिवस चार गुणच पडत राहिले.

आणि मग रविवार दुपार. बायकोचा कान अधूनमधून ठणकत असे आणि त्यात थेंब घालायचं काम लग्नापासून हलकेरावांकडे होतं. ती टेबलावर डोकं आडवं टेकून बसली. हलकेरावांनी फ्रिजमधली बाटली काढली, दातांनी टोपण उघडलं आणि कानात तीन थेंब सोडले. बायको अशी उडाली की टेबलावरचं पाण्याचं भांडं खाली गेलं. कान धरून, डोळे गच्च मिटून तिने आधी दम घेतला आणि मग बोलली.

"बर्फ ओतलात की काय? नेहमीसारखी काखेत का नाही धरलीत?"

"काय काखेत धरली नाही?"

"बाटली. नेहमी आधी काखेत दाबून ठेवता ना, माझ्याशी गप्पा मारत. मग घालता. इतकी वर्षं घालताय, तुम्हालाच ठाऊक नाही?"

हलकेराव थेंबांची बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी डाव्या काखेकडे पाहिलं. ती पट्ट्याखाली बंद होती. मग त्यांच्या डोळ्यांपुढे आपलं टेबल आलं. कोठीतून आणलेला डाय. भरलेली सिरिंज. उंदराशी बोलायचं म्हणजे एक हात पिंजऱ्याच्या झाकणावर, दुसऱ्या हाताचं बोट जाळीतून आत, आणि सिरिंज ठेवायची कुठे? शिंपी तोंडात टाचण्या धरतो तशी ती आपोआप काखेत जाई. दोन-तीन मिनिटं गप्पा. तेवढ्यात डाय अंगाइतका कोमट होई. थंडीत मध दाट होतो, तसा थंड डायही दाट असतो, तो नसेत रेटावा लागतो. कोमट डाय पाण्यासारखा जातो. हाताचा काय संबंध? आणि गप्पांचा तरी काय? बायको कान पुशीत म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच." तिला गंमत वाटत होती. हलकेरावांच्या पायाखालची जमीन सरकली होती.

त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे फाइल. फाइलमध्ये लिहिलं होतं, डाय कोठीतून काढून तसाच दिला आणि उंदरांना जाणवलासुद्धा नाही. ही फाइल वर गेली की उद्या कुणीतरी कोठीतून बाटली काढून तशीच माणसाच्या पायात सोडणार, आणि तो माणूस काही गुण देऊन गप्प बसणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आपला हात. हे सांगितलं तर हलकेराव उरत नाहीत. उरतो फक्त काखेत सिरिंज धरणारा एक इसम. निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली तर काय? त्यांनी बायकोला विचारलं, सांगावं का? ती म्हणाली, "माझा कान अजून दुखतोय. तुम्हीच ठरवा."

सोमवारी ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी विचारलं, काय हो? हलकेराव म्हणाले, नवा झाडू हवा होता. मंगळवारी गेले आणि खुर्चीचा पाय डुगडुगतो असं सांगून आले. बुधवारी त्यांनी हवापाण्याची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा साहेबांच्याही लक्षात आली असावी, कारण गुरुवारी त्यांनीच हलकेरावांना बोलावलं, समोर बसवलं आणि कौतुकाने फाइलचं शेवटचं पान वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, की हे निकाल एका अत्यंत कुशल हाताचे आहेत. हलकेरावांनी सगळं सांगून टाकलं. काख, कोठी, कान, सगळं.

साहेबांनी ऐकून घेतलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "हलकेराव, इतका मोठा गुण अंगात असून इतका विनय! काखेला श्रेय देताय?" आता आली का पंचाईत. बढाया मारल्या तेव्हा लोकांनी लगेच मानल्या, आणि खरं बोलायला गेले तर कुणी मानेना. हलकेराव हात जोडून सांगतात की साहेब, मी साधा माणूस आहे, आणि साहेब म्हणतात, बघा, थोर माणसं असंच बोलतात.

शेवटी ते नव्या बाईंकडे गेले. त्यांना सांगताना जास्त लाज वाटली, कारण 'काही गोष्टी शिकवून येत नाहीत' हे वाक्य अजून हवेतच होतं. बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि वही उघडली. त्यात पहिला उंदीर किंचाळला त्याच दिवसाची नोंद होती: पट्टा बांधल्यापासून सिरिंज काखेत जात नाही, हे बघायला हवं. हलकेराव गार पडले. त्यांनी विचारलं, मग बोलला का नाहीत? बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगता का, ते बघत होते." त्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

बाई साहेबांकडे गेल्या आणि पडताळून बघायला त्यांनी दोन आठवडे मागून घेतले. एका भांड्यात कोमट पाणी, त्यात बुडवलेला तापमापक. निम्म्या सिरिंजा पाण्यातून, निम्म्या थेट कोठीतून. निम्मे उंदीर हलकेरावांचे, निम्मे बाईंचे. काचेपलीकडच्याला कोणती सिरिंज कुठली ते ठाऊक नाही. गप्पा पूर्ण बंद, हे बाईंनी मुद्दाम लिहून ठेवलं. हलकेरावांना गप्प राहणं इतकं जड गेलं की ते उंदरांकडे बघून नुसते ओठ हलवत, आणि बाई खाकरत.

खोटं कशाला बोला, या दोन आठवड्यांत हलकेरावांच्या मनात एक चोर होता. काख असेल, कबूल, पण थोडासा हातही असेलच की. अगदी पाव गुणाचा तरी. शेवटच्या दिवशी बाईंनी आकडे टेबलावर ठेवले. थंड डाय, हलकेराव: तीन आणि वर काही. थंड डाय, बाई: तेवढाच. कोमट डाय, बाई: एकाच्या आत. कोमट डाय, हलकेराव: एकाच्या आत, पण बाईंपेक्षा किंचित जास्त. हलकेरावांनी तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. मागच्या बाजूला काही नव्हतं.

फाइल थांबली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी ती नव्याने लिहायला घेतली. डाय चांगलाच होता, पण अंगाइतका कोमट करूनच द्यावा, हे ठळक अक्षरांत आलं. कुशल हाताचं वाक्य गेलं. दोन्ही खोल्यांत कोमट पाण्याची भांडी बसली.

निवृत्तीच्या दिवशी तळमजल्यावर टेबलं जोडून चहा-बिस्किटं मांडली होती. बायको नवीन कपडे घालून हलकेरावांच्या शेजारी बसली होती. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी उभं राहून चार चांगले शब्द बोलायला सुरुवात केली आणि सवयीने हातावर आले. हलकेराव उठले.

"हाताचं राहू द्या, साहेब."

साहेब अडखळले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं, हात नसेल. कारण काही का असेना, एकतीस वर्षं तुमच्या टेबलावर उंदीर ओरडला नाही. हे पुण्य तर तुमचंच ना?"

हलकेराव खाली बसणार होते, पण बसले नाहीत. पलीकडच्या खोलीतले दोघं समोरच होते. त्यांच्याकडे बघायचं हलकेरावांनी टाळलं, मग बघितलं.

"माझे नाही ओरडले," ते म्हणाले. "यांचे ओरडत होते. मधली भिंत पातळ आहे. मला रोज ऐकू यायचं. एकदा उठून जाऊन विचारलं असतं, की बाबांनो, तुम्ही काय करता, मी काय करतो, बघू या, तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. नाही गेलो. मला ते ऐकून बरं वाटायचं."

साहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. नव्या बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. हलकेराव खाली बसले आणि त्यांनी चहाचा कप उचलला, पण तो बशीवर वाजू लागला. बायकोने कप त्यांच्याकडून काढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून त्यांच्या तोंडाशी नेला.